दीड वर्षाच्या पोरीसाठी आवाजाचं खेळणं घरी करायचंय: टच की बटण, सेल कुठला, आवाज किती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की मुलगी दीड वर्षाची आहे, आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) जुजबी येतं, म्हापशाला घरीच लाकडी पेटी करून तिच्यावर चार पितळी पट्ट्या लावायच्या, पट्टीला हात लावला की पोदेराचा, म्हणजे दारावर येणाऱ्या पाववाल्याचा भोंगा, आजीची हाक, फेरीबोट आणि घुमट हे आपलं मडक्याचं वाद्य, असे आवाज यायला हवेत, आत जुन्या पॉवर बँकेतला लिथियम सेल टाकायचा आणि गणपतीच्या चवथीपर्यंत सगळं तयार हवं. आयडिया झकास आहे, आवाजांची निवड तर फारच आवडली, बाजारातल्या त्या किंचाळणाऱ्या इंग्रजी गाण्यांच्या प्लास्टिकपेक्षा कितीतरी बरी. पण दोन गोष्टी मी बदलायला सांगणार, एक ते टच आणि दुसरा तो सेल. मी फोंड्याला बरीच वर्षं ही असली खेळणी करतोय, भाचरांसाठी, शेजारच्यांसाठी, एकदोन बालवाड्यांसाठी, आणि माझ्या हिशेबाने सर्किट हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, एका संध्याकाळी ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता वायरी खोचायच्या पाटीवर, आवाज येतो. खरं काम आहे ते पेटीचं, आवाजाच्या पातळीचं, आणि हात पडल्यापासून आवाज येईपर्यंत जो वेळ जातो त्याचं.

आधी टच. तुम्ही बहुतेक तो बारा इलेक्ट्रोडवाला एमपीआर१२१ हा टच ओळखणारा चिप घ्यायच्या विचारात असाल. चिप चांगलीच आहे, मीही वापरतो, पण मोठ्या पोरांसाठी. ती हाताच्या कपॅसिटन्समुळे (विद्युतभार साठवायच्या गुणामुळे) होणारा अगदी बारीक फरक मोजते आणि आजूबाजूच्या परिस्थितीप्रमाणे स्वतःची बेसलाइन, म्हणजे हात नसतानाची पातळी, सतत सरकवत राहते. आता जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा कशी असते ते तुम्हाला सांगायला नको, त्यात दीड वर्षाचं पोर म्हणजे लाळ आलीच, दोन पट्ट्यांच्या मधे लाळेचा ओघळ गेला की एकीला हात लावला तरी दोन्ही वाजतात, आणि ओला तळहात पट्टीवर बराच वेळ राहिला तर चिप तोच नॉर्मल धरून बसते आणि मग काहीच वाजत नाही. आणखी एक भानगड आहे जी टेबलावर कळतच नाही. लॅपटॉपला यूएसबीने जोडून टेस्ट करता तेव्हा सर्किटला लॅपटॉपच्या चार्जरमधून जमिनीचा संदर्भ मिळत असतो म्हणून टच मस्त चालतो, तेच बॅटरीवर टाकून पेटी जमिनीवर ठेवली की सर्किट अधांतरी होतं आणि सेन्सिटिव्हिटी एकदम पडते. लोक मग आठवडाभर कोडमध्ये थ्रेशोल्ड, म्हणजे किती फरकाला हात लागला म्हणायचं तो आकडा, शोधत बसतात, आणि दोष कोडचा नसतोच.

आणि टच तांत्रिकदृष्ट्या अगदी परफेक्ट चालला तरी या वयाला मी तो देणार नाही. पट्टीला हात लावल्यावर काही हलत नाही, काही दबत नाही. दीड वर्षाच्या पोराला मजा कशात, तर मी ढकललं आणि ते आत गेलं आणि लगेच तिकडे पों वाजलं, ह्या तिन्ही गोष्टी एकत्र झाल्या की ते तुमच्याकडे बघतं, हसतं आणि परत दाबतं. म्हणून बटण. व्हिडिओ गेमच्या मशीनवर असतात ती आर्केड बटणं घ्या, ६० मिलिमीटरची घुमटाकार मिळतात, पूर्ण तळहात मारला तरी दबतात आणि मायक्रोस्विचचा टक असा आवाज हाताला जाणवतो. घेताना दोन गोष्टी बघा. एक, बटणाच्या मागे बराच लांब भाग असतो, म्हणजे पेटी आतून सात-आठ सेंटिमीटर खोल हवी, हे आधी मोजा मग लाकूड कापा. दोन, आतला दिवा बरेचदा १२ व्होल्टचा असतो, आपल्या तीन सेलच्या साडेचार व्होल्टवर तो मिणमिणतो किंवा लागतच नाही, ५ व्होल्टवाला मागवा नाहीतर दिव्याचा नाद सोडा, पोरांना दिवा नाही लागला तरी काही फरक पडत नाही. बटणं तीन पुरेत. चार चालतील. आठ लावलीत तर दोन्ही हातांनी सगळी एकदम बडवली जातात आणि कुठल्या बटणाचा कुठला आवाज हे डोक्यात बसतच नाही.

घुमटासाठी मात्र बटण नको, तिथे पिझो, म्हणजे थरथर झाली की व्होल्टेज देणारी चकती लावा, आणि हे मी खास सांगतो कारण घुमट बोटाने दाबायचं वाद्य नाही, थापेचं आहे. ३५ मिलिमीटरची पिझो चकती दुकानात दहा-वीस रुपयाला मिळते, ती पातळ लाकडी फळीच्या खालून अॅरल्डाइटने चिकटवा, चकतीला समांतर १ मेगाओहमचा रेझिस्टर, आणि ५.१ व्होल्टचा झेनर डायोड (जादा व्होल्ट अडवणारा), कारण जोरात थाप पडली तर पिझो आर्डुइनोच्या पिनला झेपणार नाही इतके व्होल्ट सोडतो. वरून काही दिसत नाही, भोक नाही, लाळ आत जायला फट नाही, पावसाळ्यात काही बिघडत नाही. थाप हलकी की जोरात हेही अॅनालॉग पिनवर कळतं, म्हणजे हलक्या थापेला एक रेकॉर्डिंग आणि जोरकस थापेला दुसरं असं करता येतं, आणि हा फरक लहान पोरांना फार लवकर कळतो.

पिझोची एक खोड आहे. पेटीतला स्पीकर वाजला की पेटी थरथरते, ती थरथर पिझोला थापच वाटते, मग परत आवाज, परत थरथर, आणि खेळणं आपलं आपणच वाजत सुटतं. रात्री अंधारात असं झालं तर आजी देवच्याराला, म्हणजे गावच्या राखणदाराला, नारळ द्यायला सांगेल. उपाय दोन्ही करायचे, फळी पेटीवर थेट न ठोकता मधे चपलेच्या तळाचा तो मऊ ईव्हीए फोम घाला, आणि कोडमध्ये आवाज सुरू केल्यावर दीडशे मिलिसेकंद पिझोकडे बघायचंच नाही, त्यानंतरही वाजत असेपर्यंत थ्रेशोल्ड वर ठेवायचा. वाजतंय की नाही हे प्लेअर मॉड्यूलच्या (फाइली वाजवणारा छोटा बोर्ड, तो पुढे येतोच) बिझी पिनवर कळतं, वाजताना तिथे व्होल्टेज नसतं.

आता प्लेअर. डीएफप्लेअर मिनी घ्या, दीड-दोनशे रुपयांत मिळतो, त्याच्यातच तीन वॅटचा अॅम्प्लिफायर आहे, मेमरी कार्ड ३२ जीबीपर्यंत चालतं आणि फॅट३२ फॉरमॅट लागतं. आर्डुइनो नॅनो या छोट्या बोर्डाशी ९६०० बॉडच्या (सेकंदाला ९६०० बिटांच्या) वेगाने सिरियल बोलतो, नॅनोकडून त्याच्या आरएक्स पिनला जाणाऱ्या वायरमध्ये १ किलोओहम रेझिस्टर टाकायचाच, नाहीतर स्पीकरमध्ये सतत घूं असा आवाज ऐकू येतो. फाइली कार्डावर थेट, फोल्डरशिवाय टाकू नका, इंग्रजीत एमपी३ नावाचं फोल्डर करा आणि आत ०००१, ०००२ अशी इंग्रजी आकड्यांनी सुरू होणारी नावं द्या, मग नावाने वाजवता येतं, नाहीतर ज्या क्रमाने कॉपी केल्या त्या क्रमाने तो मोजतो आणि भोंग्याच्या बटणावर आजी बोलायला लागते.

ह्या प्लेअरचा खरा प्रॉब्लेम म्हणजे उशीर. कमांड गेल्यापासून आवाज यायला एक-दोन दशांश सेकंद जातात, त्यात एमपी३ बनवताना सुरुवातीला थोडी शांतता आपोआप घुसते, त्यात तुमच्या रेकॉर्डिंगच्या सुरुवातीची शांतता, आणि कोडमध्ये कुणीतरी डिबाउन्ससाठी (एकाच दाबाला स्विच थरथरून अनेक दाब मोजले जाऊ नयेत म्हणून) २०० मिलिसेकंदाचा डिले टाकलेला असतो, सगळं मिळून अर्धा सेकंद होतो. आपल्याला अर्धा सेकंद काही वाटत नाही पण पोर तोपर्यंत दुसऱ्या बटणावर गेलेलं असतं, आणि मग त्याच्या हिशेबाने भोंगा दुसऱ्या बटणाचा. म्हणून फाइल डब्ल्यूएव्ही ठेवा, ऑडॅसिटी या आवाज कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून आवाजाची लाट जिथे उठते तिथपर्यंतचं सगळं निर्दयपणे कापा, आणि डिबाउन्स असा करा की बटण दबल्याचं दिसताक्षणी आवाज सुरू, त्यानंतर २०-३० मिलिसेकंद त्या पिनकडे दुर्लक्ष. आधी वाट बघून मग वाजवायचं नाही. बटणाला वेगळा रेझिस्टर लागत नाही, नॅनोचा आतला पुलअप (पिनला वर ओढून धरणारा आतला रेझिस्टर) चालू करा आणि दुसरी वायर ग्राउंडला.

आवाज चालू असताना परत दाबलं तर काय, हे लोक विचारतच नाहीत आणि खेळण्याची सगळी मजा इथेच आहे. काहीजण कोडमध्ये लिहितात की आधीचा संपल्याशिवाय नवा वाजवायचा नाही. असं करू नका. परत दाबलं की तोच आवाज पहिल्यापासून, दुसरं दाबलं की पहिला कापून दुसरा. पोर मग पों-पों-पोंपोंपों असं बडवत बसतं आणि आपल्या हाताच्या स्पीडने भोंगा तुटतो हे कळलं की खदखदून हसतं, आमच्या भाच्याने तर त्या बटणावर ताल धरला होता. बटण दाबून धरलं तर मात्र एकदाच वाजवा, लूप नको, कारण पोरांची खेळण्यावर बसायची पद्धत असते.

हा उशीर अजिबातच नको असेल तर नॅनोऐवजी ईएसपी३२ हा बोर्ड आणि मॅक्स९८३५७ए हा छोटा अॅम्प्लिफायर घ्या, आवाज चिपच्या मेमरीतच ठेवायचे, दाबल्याक्षणी वाजतात. पण कोड जरा जास्त आहे आणि तुम्हाला चवथीची घाई आहे, तेव्हा ते पुढच्या वेळी.

रेकॉर्डिंग मोबाईलवर करा, फार काही लागत नाही. एकेक आवाज दोन-तीन सेकंदांचा, मोनो, शेवटी हलका फेडआउट. पोदेर सकाळी दारात येतो तेव्हा त्यालाच सांगा, दोनदा वाजव म्हणून, पण मोबाईल भोंग्यापासून चांगला लांब धरा नाहीतर आवाज फाटतो. फेरीबोटीचा भोंगा बेती नाहीतर रायबंदरच्या धक्क्यावर मिळेल, इंजिनाची घरघर त्यात येणारच, येऊ दे. आजीची हाक मात्र ठरवून रेकॉर्ड केली की ती रेडिओवर बातम्या द्याव्यात तसं बोलते, त्यापेक्षा ती खरंच हाक मारत असताना गुपचूप रेकॉर्ड करा. घुमटाची अडचण वेगळी, घुमट म्हणजे मडकं, त्याचा सगळा जीव खालच्या धुम मध्ये, आणि दोन इंची स्पीकर साधारण तीनशे हर्ट्झच्या खाली काही देतच नाही, म्हणजे आरतीला छातीत बसणारी ती थाप खेळण्यात टप् अशी पुठ्ठ्यासारखी येते. तेव्हा नुसता धुम घेऊ नका, चामड्याच्या कडेचा कडक बोल घ्या, किंवा दोन-तीन थापांचा तुकडा समेळासकट (घुमटाच्या साथीला वाजतो तो ढोल) घ्या, समेळाचा वरचा आवाज छोट्या स्पीकरवर छान येतो आणि कान बाकीचं भरून काढतो. २०० हर्ट्झच्या खालचं ऑडॅसिटीत कापूनच टाका, ते ऐकू तर येत नाही, फुकट स्पीकर फडफडवतं.

स्पीकर ८ ओहमचा, आणि कागदी कोनचा नको, प्लास्टिकच्या म्हणजे मायलरच्या कोनचा घ्या. कागद आपल्या हवेत दमट होऊन मऊ पडतो, एखाद्या पावसाळ्यात आवाज बसतो. स्पीकर पेटीला नीट घट्ट बसवा, मोकळा लटकवला तर पुढचा आवाज मागच्याला खातो.

आता आवाजाची पातळी, इथे जरा थांबतो कारण हे कुणी मोजत नाही. खेळणं आपण हातभर अंतरावरून ऐकतो, पोर स्पीकरलाच कान लावतं, सगळीच लावतात. अंतर अर्धं झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. ५० सेंटिमीटरवरून ३ सेंटिमीटरवर यायचं म्हणजे चारदा अर्धं, म्हणजे २४ डेसिबल. तुम्हाला ५० सेंटिमीटरवर ८० वाटला, चला ठीक आहे म्हणालात, तर कानाशी तो शंभरच्या पुढे गेला. मी ५० सेंटिमीटरवर ६५ च्या आसपास ठेवतो, साध्या बोलण्याएवढा. मोबाईलचं डेसिबल अॅप अगदी अचूक नसतं पण अंदाज येतो. प्लेअरचा व्हॉल्यूम कोडमधून ० ते ३० ठेवता येतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका, वीज सुरू होताना प्लेअर रिसेट झाला की तो आपल्या मूळ व्हॉल्यूमवर जातो, आणि मोठा असतो. म्हणून स्पीकरच्या वायरमध्ये सिरीजला ३३ ओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर सोल्डर करून टाका. आवाज १४ डेसिबलने कायमचा खाली, कोड काहीही करो. आणि स्पीकर वर किंवा पुढे न लावता पेटीच्या तळाला खाली तोंड करून लावा, पेटीला चार रबरी पाय देऊन सेंटिमीटरभर उंच करा, आवाज लादीवर आपटून सगळीकडे पसरतो, कान तिथे पोचत नाही, लाळ आणि भाताची शितं भोकांत जात नाहीत. भोकं ३ मिलिमीटरची बारीक पाडा, बोट अडकायला नको, आतून जाळीचं कापड.

सेल. पॉवर बँकेतून काढलेला लिथियम सेल दीड वर्षाच्या पोराच्या खेळण्यात घालू नका, इथे मी अजिबात ऐकणार नाही. त्याचं वय माहीत नाही, प्रोटेक्शन सर्किट असेलच असं नाही, आणि हे खेळणं रोज लादीवर आपटणार आहे. साधे एए अल्कलाइन सेल तीन, साडेचार व्होल्ट, थेट नॅनोच्या ५ व्होल्ट पिनला आणि प्लेअरला, जवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. रिचार्जेबल वापरायचे असतील तर तीन सेलचे ३.६ च होतात, नॅनो १६ मेगाहर्ट्झवर तेवढ्यात भरवशाचा चालत नाही, त्यासाठी ८ मेगाहर्ट्झवाला ३.३ व्होल्टचा प्रो मिनी घ्या. नॅनो आणि प्लेअर नुसते बसून राहिले तरी मिळून ४० मिलिअॅम्पच्या आसपास खातात, म्हणजे दोन हजार मिलिअॅम्पअवरचे सेल चालू ठेवून विसरलात की दोन दिवसांत संपले, तेव्हा तळाला खोबणीत एक स्लाइड स्विच द्या, आईबाबांसाठी.

आणि बटण सेल, तो नाण्यासारखा चपटा, तो तर कुठल्याच खेळण्यात नको, दिवाळीच्या पणतीतला असो की ग्रीटिंग कार्डातला. गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर ओल्या ऊतीतून करंट वाहून दोन तासांत खोल भाजू शकतं. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवायची नाही, वाट बघायची नाही, १०८ लावा नाहीतर थेट बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज गाठा. छोटे ताकदवान लोहचुंबकही तसेच, दोन गिळले तर आतड्याच्या दोन घड्या एकमेकांना चिकटतात. पेटीचं झाकण चुंबकाने लावायची फॅशन आहे, ती नको.

झाकणाला स्क्रूच. लाकडात थेट स्क्रू मारला तर चार वेळा उघडून भोक सैल होतं, पितळी इन्सर्ट (आतून आटे असलेली नळी) बसवा आणि स्टेनलेसचे मशीन स्क्रू वापरा, साधे लोखंडी एका पावसात गंजतात. सेलच्या पेटीचे स्प्रिंगही आपल्या खाऱ्या हवेत हिरवे पडतात, खेळणं महिनाभर बंद राहणार असेल तर सेल काढून ठेवा. सोल्डरिंग झाल्यावर बोर्डाच्या जोडांवर पारदर्शक नेलपॉलिशचा हात फिरवा, मेमरी कार्डाच्या खाचेत आणि स्विचमध्ये जाऊ देऊ नका. ६०-४० च्या सोल्डरमध्ये शिसं असतं, हे काम पोर झोपल्यावर आणि जेवणाच्या टेबलावर नको, नंतर हात साबणाने धुवा. आणि कुणी प्रकाशावर सूर बदलायला एलडीआर (प्रकाश ओळखणारा रेझिस्टर) लावायला सांगितलं तर त्याच्यात कॅडमियम असतं हे लक्षात ठेवा, तोंडात जाईल अशा जागी तर नाहीच.

लाकूड प्लायवूडपेक्षा अख्खं बरं. मेस्ताकडे, म्हणजे सुताराकडे, फणसाचे नाहीतर आंब्याचे तुकडे पडलेले असतात, त्यालाच कापून घ्यायला सांगा, कोपरे चांगले गोल करून १२० आणि मग २२० च्या पॉलिश पेपरने घासा, गाल फिरवून बघा कुठे टोचतंय का. वजन जास्त नको, पायावर पडणार आहे. पॉलिशला लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लावा, पण भर पावसाच्या दिवशी लावलीत तर दमटपणामुळे पांढुरकी पडते, उघडीप बघून लावा. खोबरेल लावून सोडू नका, वास धरतं. रंग हवाच असेल तर सावंतवाडीच्या चितारआळीत लाखेचे रंग लावणारे कारागीर आहेत, म्हापशाहून फार लांब नाही. सगळं जोडून झाल्यावर पोराच्या हातात द्यायच्या आधी कंबरेच्या उंचीवरून लादीवर चार-पाच वेळा पाडा, नंतर हलवा, आत काही खुळखुळलं तर उघडा.

शेवटी तुम्ही विचारलंय की चांगलं झालं तर अजून करून फेस्ताच्या फेरीत, म्हणजे चर्चच्या सणाच्या जत्रेत, विकू का. घरच्यासाठी कुणी अडवत नाही, विकायला मात्र १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, आणि वीजेवर चालणाऱ्या खेळण्यांना आयएस १५६४४ हे सुरक्षेचं मानक लागतं. त्याचं टेस्टिंग दहा-वीस नगांना परवडत नाही.

चवथीपर्यंत होईल. बटणं, प्लेअर आणि स्पीकर आजच मागवा, पणजी-मडगावात ६० ची बटणं मिळाली तर नशीब, नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुरियर. सगळं मिळून लाकूड सोडून हजार-बाराशेत बसतं. प्लेअर दोन मागवा, क्लोन फार आहेत आणि एखादा बटण दाबल्यावर आवाजाआधी ठप्प असा ठोका देतो, तो बाजूला ठेवून दुसरा लावायचा. तोपर्यंत मेस्ताला पेटीचं माप द्या, पण बटणं हातात येऊन खोली मोजल्यावरच.